चारशे वॅट

फ्रिजच्या दारावर बाबांच्या अक्षरातला एक कागद अजून चिकटवलेला आहे. संध्याकाळी ६ : २०. रात्री ८ : १८. रात्री १० : १६. रात्री १२ : १४. सकाळी ६ : ९. असं करत करत तिसऱ्या दिवशी दुपारी १ : १. डावीकडे वेळ, उजवीकडे आमच्या मधल्या पॅसेजमधलं तापमान. बाहेर त्या पहिल्या रात्री उणे १४ होतं, तेही कोपऱ्यात लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी वीजखात्यात गेली. त्यामुळे लाइट गेले की घरातले बाकीचे मेणबत्ती शोधतात आणि ते पेन्सिल शोधतात.

कागद काढून टाकावा असं मला अनेकदा वाटलं, पण हात होत नाही. त्या आकड्यांत आम्ही विजेविना काढलेल्या त्रेचाळीस तासांचा हिशेब आहे, आणि आमची चूकही आहे. पहिल्या सहा तासांत घर सहा अंशांनी उतरलं, पुढच्या सहा तासांत पाच अंशांनी, आणि नंतरच्या बारा तासांत मिळून पाचच. आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जितका जास्त, तितकी ऊब घाईने बाहेर पळते. म्हणजे सगळ्यात जास्त गळती सुरुवातीलाच होते, आणि नेमकी तेव्हाच आम्ही ‘येतील की इतक्यात’ म्हणत होतो. मोठ्या हॉलमध्ये बसून राहिलो. समोरच्यांचे गेलेत का, कोपऱ्यावरचा दिवा आहे का, हे बघायला चार-पाचदा बाहेरचं दार उघडलं. भिंतीत, फरशीत, कपाटांत, गाद्यांत जी ऊब साठलेली होती ती आमची शिल्लक होती. ती आम्ही दारं उघडून उघडून उधळली.

आठ वाजता बाबा म्हणाले, “आज नाही यायची. मी आवाज ऐकलाय.”

त्या दिवशी बर्फ पडलेला नव्हता. पाऊस पडला होता, आणि दुखणं तेच होतं. वर ढगातून निघालेलं हिम वाटेत उबदार हवेच्या थरातून येताना वितळतं, पण जमिनीलगत परत शून्याच्या खालची हवा असते. थेंबाला गोठायला पुरेसा वेळ मिळत नाही. शून्याखाली जाऊनही तो पाणीच राहतो, आणि ज्याला टेकेल त्यावर त्याच क्षणी काच होऊन बसतो. फांदीवर, कुंपणावर, तारेवर. सकाळी हे दृश्य सुंदर दिसतं यात वाद नाही. संध्याकाळपर्यंत एकेक फांदी मोडल्याचे आवाज येऊ लागतात, बंदुकीचे यावेत तसे. बाबांनी ऐकलेला आवाज मात्र फांदीचा नव्हता. तो खांबाचा होता, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं निघालं.

मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी माझ्या लेकीला गणित घातलं. एक सेंटिमीटर जाडीची तार. तिच्यावर चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर बर्फ. किती वजन? तिने वहीत वर्तुळं काढली, घनता विचारली, बराच वेळ घेतला. मीटरला एक किलोहून थोडं जास्त. दोन खांबांमध्ये पन्नास मीटर धर. “म्हणजे प्रत्येक तारेला एक माणूस लोंबकळतोय,” बाबा म्हणाले. “आणि वर वारा.”

मग अर्थातच त्यांचं १९९८ निघालं. बाबांच्या पिढीच्या वीजवाल्यांना ते साल पाठ असतं. त्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेकमध्ये आणि पूर्व ओंटारिओत, शिवाय अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, पाच-सहा दिवस हा असला पाऊस थांबून थांबून पडत राहिला. हजाराच्या आसपास पोलादी मनोरे गुडघे मोडून बसले, लाकडी खांब हजारोंनी पडले. काही घरांना महिनाभर वीज नव्हती, आणि तीही ऐन जानेवारीत. बाबांना त्यातली आवडती गोष्ट म्हणजे बुशेरव्हिल गावातलं रेल्वे इंजिन. ते रुळांवरून उतरवून नगरपालिकेच्या इमारतीपाशी नेलं आणि त्याच्यावर इमारतीचे दिवे चालवले. “डिझेल इंजिन म्हणजे काय, चाकांवरचं जनित्रच की,” हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो की जणू ते स्वतः चालवत घेऊन गेले होते.

मला मात्र त्या क्षणी आमच्या स्वतःच्या मशीनचा राग येत होता. आमचं हीटिंग गॅसवर चालतं. गॅस होता! स्वयंपाकघरात काडी लावली की निळी ज्योत छान पेटत होती. पण तळघरातली फर्नेस मेलेली. गरम हवा ढकलणारा पंखा विजेवर, ठिणगी विजेवर, ज्योत लागली की नाही हे तपासणारं सर्किट विजेवर. इंधन भरपूर, आणि ते पेटवायची परवानगी मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी तारेतून येणार.

हीच गाठ मोठ्या मापात टेक्ससला बसली होती. फेब्रुवारी २०२१ मधली थंडी. वीज बनवायला गॅस लागतो. गॅस विहिरीतून काढायला आणि नळातून ढकलायला वीज लागते. तुटवडा पडला म्हणून ज्या लाइनी बंद केल्या, त्यांत गॅसच्या यंत्रांना वीज पुरवणाऱ्या काही लाइनीही होत्या, कारण त्या महत्त्वाच्या आहेत अशी नोंदच कुणी केलेली नव्हती. गॅस कमी, म्हणून वीज आणखी कमी. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ग्रिडची, म्हणजे तिथल्या सगळ्या वीजजाळ्याची, वारंवारता (वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते तो आकडा; मागणीला वीज पुरेना की तो घसरतो) ६० वरून ५९.४ च्या खाली गेली आणि ४ मिनिटं २३ सेकंद खालीच राहिली. ९ मिनिटं राहिली असती तर एकामागून एक केंद्रं स्वतःला वाचवायला बाजूला झाली असती आणि सगळं ग्रिड झोपलं असतं. मध्ये उरली होती ४ मिनिटं ३७ सेकंद. बाबा हा आकडा भीतीने नव्हे, आदराने सांगतात. खुर्चीत बसून लाखो घरांची वीज तोडण्याचा हुकूम त्या चार मिनिटांत देणारा जो कोणी असेल, त्याच्याबद्दलचा आदर. मला तो लगेच समजत नाही. त्या वादळात त्या राज्यात सरकारी मोजणीनेच २४६ माणसं गेली, आणि त्यांतली बरीचशी थंडीने, आपापल्या घरात.

आठनंतर आम्ही शहाणे झालो. घर सोडलं आणि खोली धरली.

कोणती खोली, यावर थोडी चर्चा झाली. नवऱ्याचं मत हॉल, कारण सोफे तिथे. बाबांचं मत लेकीची खोली. सगळ्यात लहान, छत ठेंगणं, बाहेरची भिंत एकच, खिडकी एकच आणि तीही उन्हाच्या बाजूची. चौघांच्या गाद्या तिथे नेल्या. खिडकीवर रजई खिळ्यांनी ठोकली. दाराच्या फटीत टॉवेल गुंडाळून भरले. भिंतीला लागून गादी ठेवायची नाही, खाली पुठ्ठे घालायचे, कारण थंडी अंगाखालून जास्त चढते. अभ्यासाच्या टेबलावर दोन चादरी सोडून लेकीसाठी तंबू केला. त्यात ती आधी हौसेने गेली आणि मग खरोखरच तिथेच झोपली.

“माणूस नुसता बसला तरी शंभर वॅट फेकतो,” बाबा म्हणाले. “आपण चौघं. चारशे वॅटचा हीटर आहे या खोलीत, आणि त्याला तार लागत नाही.”

हे मला पटलं नव्हतं, पण पहाटे पॅसेजमध्ये ९ असताना आत साडेचौदा होतं. सुखाचं नाही. घरात किमान १८ असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि साडेचौदात बसलं की १८ का म्हणतात ते कळतं. बोटं जड होतात, नाक गार, आणि मेंदू एकाच गोष्टीभोवती फिरत राहतो. तरी साडेचौदा म्हणजे साडेचौदा.

इथे एक सांगून टाकते. अशा दिवसांबद्दल नंतर लोक फार गोड बोलतात. मोबाइल बंद, सगळे एकत्र, गप्पा, पत्ते, पुन्हा एकदा कुटुंब. आम्ही पत्ते खेळलो. दोन डाव. तिसऱ्याला कुणाला पत्ते धरवेनात. त्यानंतरच्या बऱ्याच तासांत आम्ही एकमेकांशी बोललो ते असं: दार लाव. टॉर्च कुठे ठेवलास. दार लाव म्हटलं ना. थंडीत माणूस चिडका होतो, आणि बाथरूमला जायचं टाळण्यासाठी पाणी कमी पितो, आणि त्यामुळे आणखी चिडका होतो.

त्यातलं खरं भांडण दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. नवऱ्याने मागच्या अंगणातून कोळशाची शेगडी दारापर्यंत आणली होती.

“अगं, अर्धा तास फक्त. खिडकी फटभर उघडी ठेवू.”

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, पोर कुडकुडतीय. ती कुडकुडत होतीच, आणि मी निर्दयी ठरत होते. बाबा उठले आणि शेगडीसमोर दारात उभे राहिले. ओरडले नाहीत. “अरे, डोकं दुखलं तर कळेल तुला, कोळशाने दुखतंय की थंडीने?” एवढंच विचारलं.

या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तिथेच सगळा घात आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपट घट्ट धरून बसतं. लक्षणं काय, तर डोकं जड, मळमळ, पेंग. थंडीत दोन दिवस काढलेल्या माणसाला याशिवाय दुसरं होतंच काय? शेगडी आत आणली की खोली उबदार होते, छान वाटतं, डोळे मिटतात. खाणकामगारांना हे ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने छोटे प्राणी-पक्षी खाली न्यायचा सल्ला दिला, कारण त्यांचा श्वास जलद, विषारी हवा त्यांना आधी लागते. ब्रिटनच्या खाणींतल्या कॅनरी पक्ष्यांना निवृत्त करायचं ठरलं ते थेट १९८६ साली.

आमच्या घरातला कॅनरी, म्हणजे हा वायू ओळखून वाजणारा भोंगा, छताला होता, पांढरा, गोल, प्लास्टिकचा. नवऱ्याने रागारागात स्टुलावर चढून त्याचं बटण दाबलं. तो वाजला नाही. आतली बॅटरी कुणीतरी काढून घेतली होती. ‘कुणीतरी’ म्हणजे मी. खेळण्यातल्या गाडीसाठी, दोन महिन्यांपूर्वी, ‘उद्या नवी घालू’ म्हणून. शेगडी तो गुपचूप परत ठेवून आला. त्यावर नंतर कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

पाण्याचं काम पहिल्याच रात्री माझ्याकडे आलं होतं. बाहेरच्या भिंतीला लागून ज्या पाइपा आहेत, त्यांचे नळ पेन्सिलीच्या शिसाएवढी धार ठेवून सोडायचे, गरमही आणि गारही. सिंकखालची कपाटं उघडी टाकायची, म्हणजे घरात उरलेली ऊब पाइपेपर्यंत पोचते. मी आयुष्यभर नळ घट्ट बंद करायला शिकलेली बाई, मला ती धार बघवेना. पण धारेचं कारण कळलं आणि मी गप्प झाले. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं हे शाळेत शिकलो. मला वाटायचं, बर्फ जिथे होतो तिथेच पाइप फुटते. बहुतेकदा तसं होत नाही. बर्फाचा बोळा पाइपेत वाढत जातो, आणि तो बोळा व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला पळायला जागा राहत नाही. दाब तिथे चढतो आणि पाइप तिथे फाटते. नळ थोडा उघडा असेल तर दाबाला वाट मिळते.

त्याच रात्री बाबांनी मला टॉर्च देऊन तळघरात पाठवलं. “मेन व्हॉल्व कुठाय, बघून ये. आणि नुसता बघू नकोस, फिरवून बघ.” इतकी वर्षं या घरात राहून मला तो माहीत नव्हता. रंगाच्या डब्यांमागे सापडला. हाताने फिरेना. पान्याने फिरला. तो पाना मी तिथेच खिळ्याला टांगून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ आटले. पंपिंगवाल्यांकडेही वीज नसणार. संडासासाठी बादल्या भरून बर्फ आत आणला. मला वाटलं होतं, बादलीभर बर्फ म्हणजे बादलीभर पाणी. मऊ, ताज्या हिमाची बादली वितळली की तळाशी तांब्याभर उरतं. आणि वितळायला उष्णता किती खातो! शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जितकी लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. गॅसवर पातेलं ठेवून मी उभी होते आणि काहीच होत नव्हतं. लेकीने विचारलं, “आई, बिघडलाय का गॅस?” गॅस बिघडला नव्हता. शिवाय त्या गॅसवर खोली तापवायची नाही हाही नियम होताच. पातेल्यापुरता पेटवायचा, आणि बंद.

फोनचं थोडक्यात. थंडीत त्याची बॅटरी ४० टक्क्यांवरून थेट मरते, म्हणून तो बनियनच्या आत ठेवायचा. आणि टॉवरलाही बॅटरीच असते, तीही काही तासांची. पुढे फोन चार्ज असून उपयोग नाही.

बाबा दिवसातून दोनदा गल्लीत फेरी मारत. नवऱ्याला ते आवडत नव्हतं, रस्ता काचेचा झाला होता. पण पहिल्याच फेरीत त्यांनी दोन कामं केली. एक, चार घरं पलीकडे कुणीतरी जनरेटर आणला होता आणि त्याची वायर घरातल्या भिंतीच्या सॉकेटमध्येच खुपसायच्या बेतात होता. सगळं घर एकदम चालू करायला ही सोपी युक्ती वाटते. बाबांनी त्याला पाच मिनिटांत समजावलं. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. बाहेरून आलेली वीज तो उतरवून देतो, तशी घरातून गेलेली चढवूनही देतो. तुझे दोन-अडीचशे व्होल्ट खांबावर हजारो होऊन पोचतील, आणि तिथे जो लाइनमन मेलेली लाइन समजून हात घालेल, त्याचं काय? ही गोष्ट सांगताना बाबांचा आवाज जरा बदलतो. का, ते मी कधी विचारलेलं नाही. तो माणूस चांगला होता. त्याने वायर काढली, जनरेटर घरापासून लांब ओढला आणि फक्त फ्रिज व एक दिवा वेगळ्या वायरने लावला.

दुसरं काम म्हणजे समोरच्या आजी.

त्या एकट्या राहतात. बाबांनी दार वाजवलं तेव्हा त्या कोट घालून खुर्चीत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, मला काही थंडी वाटत नाही. बाबा परत आले आणि मला म्हणाले, “तू चल. त्यांना वाटत नाहीये, हेच वाईट लक्षण आहे.” वय झालं की गारठा तितका जाणवत नाही, शरीर आतून उतरत जातं आणि माणूस ‘बरी आहे मी’ म्हणत राहतो. मी हात हातात घेतला. दगडासारखा गार. “चला आमच्याकडे,” म्हटलं. नको, कशाला, तुम्हालाच अडचण, मी पांघरूण घेते ना. पंधरा मिनिटं हेच. मी जवळजवळ रडायला आले होते.

मग बाबा दारातून म्हणाले, “तसं नाही. आमच्या खोलीत चारशे वॅट आहेत. पाचशे लागतात. तुम्ही आलात तर आमच्यावर उपकार होतील.”

आजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग काठी शोधायला लागल्या.

त्या रात्री पॅसेजमध्ये ३ होतं आणि आत ११. आजी माझ्या आणि लेकीच्या मध्ये झोपल्या. झोपल्या म्हणजे आडव्या झाल्या. रात्रभर त्या अधूनमधून लेकीच्या पायांवरचं पांघरूण चाचपत होत्या.

सकाळी बाबांनी एक विचित्र हुकूम काढला. घरातले सगळे स्विच बंद करा, फर्नेससकट, फक्त जिन्यातला एक बल्ब चालू ठेवा. कारण असं. एरवी सगळ्या घरांचे फ्रिज, हीटर, पंप आलटून पालटून चालतात, एक बंद तेव्हा दुसरा चालू. दोन दिवस लाइट गेले की सगळेच भुकेलेले असतात. वीज आली रे आली की सगळे एकदम ताटावर बसतात आणि लाइन पुन्हा ट्रिप होते. दुपारी एकला जिन्यातला बल्ब लागला. आम्ही ओरडलो. वीस सेकंदांत गेला. “बघ,” बाबा म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला, कारण ते खूश दिसत होते. पाऊण तासाने परत आला आणि टिकला. आम्ही एकेक स्विच वर केला, सगळ्यात आधी फर्नेस. पाचही जणं पॅसेजमधल्या जाळीसमोर उभे राहिलो. पहिली हवा आली ती गारच, धुळीच्या वासाची. कागदावर तिथे बाबांनी फक्त ‘आली’ असं लिहिलंय.

आजी संध्याकाळी घरी गेल्या. त्यांचं घर रात्रीपर्यंत बऱ्यापैकी तापलं. नळही आले. मी सगळे नळ घट्ट बंद केले, आणि त्या घट्ट बंद करण्यात मला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. दुपारी वरच्या बाथरूमच्या भिंतीतून बारीक आवाज येऊ लागला, कुणीतरी आत बसून ‘श्श’ करावं तसा. पाइप बहुधा दोन दिवसांपूर्वीच फाटली होती. बर्फाच्या बोळ्याने तिचं तोंड धरून ठेवलं होतं, आणि आता घर उबदार झाल्यावर तो विरघळला होता. त्या खोलीतला शॉवर धारेवर सोडायला मी विसरले होते. तळघरात धावत गेले, अंधारात हात वर केला, पाना खिळ्यालाच होता. मेन बंद केला. वर आले तोवर बाबा ओली भिंत हाताने चाचपत होते आणि नवरा प्लंबरला फोन लावत होता. प्लंबर म्हणाला, चार दिवसांनी, गावभर हेच चाललंय.

उजेड होता, ऊब होती, पाण्याचा थेंब नव्हता. मी बादली घेतली आणि आजींना फोन केला. म्हटलं, आमचं पाणी बंद आहे, तुमच्याकडे भरायला येऊ का, आणि आंघोळीलाही, चौघं आहोत.

“या ना,” त्या म्हणाल्या. “किती वॅट येताय?”